जवळची वीज, दूरची वीज आणि घरचा गोंगाट

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत चौथ्या मजल्यावरच्या घरात आपण विजांची नोंद करणारे केंद्र बसवले आहे. अँटेना म्हणून एकमेकींशी काटकोनात ठेवलेल्या दोन फेराइट सळ्या, सिग्नल मोठा करणारा दोन टप्प्यांचा अॅम्प्लिफायर आणि वेळेसाठी जीपीएस अशी त्याची मांडणी आहे. वळवाच्या पावसात कर्जतच्या बाजूला ढग चढले की केंद्र सिग्नलांच्या भडिमाराने गुदमरते आणि विजांच्या जाळ्याकडे नोंदी पाठवणे स्वतःहून थांबवते. म्हणून आपण गेन, म्हणजे सिग्नल किती पटीने मोठा करायचा तो आकडा, आठपट कमी केला, तर मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या विजा दिसेनाशा झाल्या. दोन्हींसाठी एकच जुळवणी आहे का, असे आपण विचारले आहे. सोबत एक छोटा स्वस्त सेन्सरही आहे आणि तो फ्रिज सुरू झाला की 'वादळ १ किलोमीटरवर' असे सांगतो.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवतो. मराठीत आकाशातून कोसळते तीही वीज आणि मीटरमधून येते तीही वीज, म्हणून खाली घरातल्या विजेला मी 'मेन्स' म्हणेन.

माझ्या मते आपण दोन वेगळे प्रश्न एकाच खुंटीला टांगले आहेत. जवळचे वादळ हा गेनचा प्रश्न आहे आणि दूरचे वादळ हा गोंगाटाचा, म्हणजे नको असलेल्या विद्युत सिग्नलांचा, प्रश्न आहे. दूरची वीज दिसत नाही म्हणून गेन वाढवायचा आणि जवळची फार दिसते म्हणून कमी करायचा, या झोक्यावर अनेक जण वर्षानुवर्षे बसलेले मी पाहिले आहेत, आणि मीही त्यावर एक अख्खा उन्हाळा बसलो होतो.

आपण दिलेल्या आकड्यांवरूनच हे दाखवतो. जास्त गेनवर आपल्याकडे शांत वेळी गोंगाटाची सरासरी पातळी २४ मिलीव्होल्ट होती आणि थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर गेलेलाच सिग्नल नोंदला जातो ती) १२० मिलीव्होल्ट, म्हणजे गोंगाटाच्या पाचपट होता, जे अगदी योग्य आहे. मग आपण गेन आठपट उतरवला. त्याबरोबर गोंगाटही आठपट उतरून ३ मिलीव्होल्टवर आला असणार, कारण तो बाहेरून अँटेनातूनच येतो. थ्रेशोल्ड मात्र १२० वरच राहिला, म्हणजे गोंगाटाच्या चाळीसपट झाला. मराठवाडा गेला तो या कारणाने. गेनने त्याला घालवले नाही. गेन बदलला की थ्रेशोल्ड त्याच प्रमाणात बदलायचा, ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कोणी लिहून ठेवत नाही, आणि म्हणूनच ती राहून जाते.

आता अंतराचा हिशेब पाहू. सुमारे ३० किलोअँपिअरच्या, म्हणजे जमिनीवर कोसळणाऱ्या विजेच्या सर्वसाधारण पहिल्या आघाताचे विद्युतक्षेत्र १०० किलोमीटरवर मीटरमागे साधारण ६ ते ८ व्होल्ट भरते, आणि नंतर ते ढोबळमानाने अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरत जाते. आपल्या कमी गेनवर १० किलोमीटरवरचा असा आघात सिग्नलाचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरची सगळी पट्टी, म्हणजे शून्याच्या एका बाजूला सुमारे १६०० मिलीव्होल्ट, भरून काढतो असे धरू. ऐरोलीपासून छत्रपती संभाजीनगर हवाई अंतराने सुमारे २६० किलोमीटर आहे. तिथला तेवढाच आघात आपल्याकडे फार तर ६२ मिलीव्होल्ट देईल. नागपूर सुमारे ६७० किलोमीटर आहे. तिथला २४ मिलीव्होल्ट, आणि वाटेतली घट धरली तर त्याहूनही कमी देईल. १२० च्या थ्रेशोल्डखाली हे दोन्ही गाडले जातात आणि सव्वाशे ते दीडशे किलोमीटरपलीकडचे जवळजवळ काहीच उरत नाही. तोच थ्रेशोल्ड १५ केला, म्हणजे ३ च्या पाचपट, तर संभाजीनगर आरामात दिसते आणि नागपूरही काठावर का होईना दिसते. गेनला हात न लावता हे साधते.

पाचपटच का, असे विचाराल तर त्यालाही हिशेब आहे. कन्व्हर्टर सेकंदाला ५ लाख नमुने घेत असेल आणि गोंगाट निव्वळ यादृच्छिक असेल, तर चौपटीच्या थ्रेशोल्डवर सेकंदाला तीसेक खोटे सिग्नल निघतात. पाचपटीवर ते तीन-चार सेकंदांतून एखाद्यावर येतात. चार आणि पाच यांत फरक एकाचाच आहे, पण परिणाम शंभरपट आहे. साडेचारवर ठेवून पाहणारे असतात. मी त्यांच्यातला नाही.

इथून पुढे मराठवाडा-विदर्भ अधिक स्पष्ट हवा असेल, तर गेनची खुंटी सोडून गोंगाटाकडे वळावे लागते. अँटेनातून येणारा घरचा गोंगाट आणि दूरच्या विजेचा सिग्नल हे दोन्ही गेनने सारखेच फुगतात, त्यामुळे गेन वाढवून त्यांच्यातले गुणोत्तर बदलत नाही. गेनचे काम एवढेच की बाहेरचा गोंगाट कन्व्हर्टरच्या स्वतःच्या पायरीच्या वर यावा. १२ बिटांच्या कन्व्हर्टरची एक पायरी साधारण ०.८ मिलीव्होल्टची असते. गोंगाट अशा चार-पाच पायऱ्या भरत असेल तर गेन पुरेसा आहे. आपले ३ मिलीव्होल्ट जवळजवळ तेवढेच आहेत. गोंगाट निम्मा करण्यात यश आले, तर मगच गेन दुप्पट करण्यात अर्थ आहे.

घरचा गोंगाट मोजायला सकाळी नऊ-दहाची वेळ निवडावी, कारण जमिनीवरची वादळे दुपारनंतर चढतात आणि सकाळी आकाश बहुधा मोकळे असते. जानेवारी-फेब्रुवारीत हे काम अधिक चोख होते, परंतु आता तोवर थांबण्याचे कारण नाही. केंद्र पॉवर बँकेवर चालवावे, घरातले एमसीबी एकेक करून पाडावेत आणि प्रत्येक वेळी दोन्ही चॅनलांची, म्हणजे दोन्ही सळ्यांची, पातळी वहीत लिहावी. सगळे बंद करूनही जो गोंगाट उरतो तो शेजाऱ्यांचा, लिफ्टचा आणि रस्त्याचा. जो गेला तो आपला.

माझ्या ठाण्याच्या घरी मी दोन महिने रेल्वेला दोष देत होतो. ठाणे–वाशी मार्ग २५ किलोव्होल्ट एसीवर चालतो, घराजवळून लोकल जातात, तेव्हा दोषी सापडलाच असे मी धरून चाललो होतो. एका संध्याकाळी लहरीचे चित्र पडद्यावर उघडे होते. दर १० मिलिसेकंदांनी एक टोकदार काटा, बरोबर सेकंदाला शंभर. बाहेरच्या खोलीत वडिलांनी पंखा तीनवरून चारवर नेला आणि पडद्यावरचे सगळे काटे एकदम डावीकडे सरकले. पंख्याचा रेग्युलेटर जुना, गोल फिरणाऱ्या बटणाचा, मेन्सची लहर मधेच कापणारा होता. मेन्स ५० हर्ट्झची, लहरीचे अर्धचक्र १० मिलिसेकंदांचे, आणि प्रत्येक अर्धचक्रात एक कात्री चालत होती. टप्प्याटप्प्याने फिरणारा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवला आणि काटे नाहीसे झाले. रेल्वेची मी मनोमन क्षमा मागितली. म्हणून आपल्याकडे काटे १० किंवा २० मिलिसेकंदांच्या अंतराने येतात का, हे सर्वांत आधी पाहावे. तसे असेल तर चोर मेन्सला जोडलेला आहे, आणि बहुधा आपल्याच घरातला किंवा भिंतीपलीकडचा आहे.

एलईडी ट्यूबचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी, राउटरचा अॅडॉप्टर, बॅटरीवरचा घरगुती इन्व्हर्टर हे नेहमीचे संशयित आहेत. इमारतीच्या लिफ्टची मोटर आजकाल व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्हवर चालते आणि तिच्या स्विचिंगची वारंवारता सहसा काही किलोहर्ट्झ, म्हणजे आपण ऐकतो त्याच पट्ट्यात असते. तिचे आपण काही करू शकत नाही. फक्त अँटेना लिफ्टच्या भिंतीपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्यावी.

लांब नेण्याचा लाभ मात्र वाटतो त्याहून फार मोठा आहे. १० किलोहर्ट्झची तरंगलांबी ३० किलोमीटर असते, त्यामुळे घरातले सगळे गोंगाटाचे उगम आपल्या अँटेनाच्या अगदी निकट क्षेत्रात येतात आणि अशा छोट्या उगमाचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात उतरते. अंतर दुप्पट केले तर गोंगाट आठव्या हिश्श्यावर येतो. दूरच्या विजेचा सिग्नल मात्र हॉलमध्ये असो की गॅलरीत, जवळजवळ तोच राहतो, कारण तिला दोन मीटर म्हणजे काहीच नव्हे. राउटरच्या शेजारची अँटेना उचलून गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवणे हे कोणत्याही महाग अॅम्प्लिफायरपेक्षा मोलाचे आहे. सळ्या भिंतीतल्या लोखंडापासून आणि गॅलरीच्या ग्रिलपासून अर्धा-पाऊण मीटर दूर असाव्यात. फेराइट सळीला तिच्या टोकाच्या दिशेने फारसे ऐकू येत नाही. हट्टी गोंगाट एकाच बाजूने येत असेल, तर जोडीचा काटकोन कायम ठेवून सगळी मांडणी फिरवावी, म्हणजे एका तरी चॅनलचे टोक त्याच्याकडे होते. केंद्राला सळ्या ठीक उत्तर-दक्षिण असण्याची अट सहसा नसते. फिरवल्यावरचा कोन नोंदवून ठेवला म्हणजे झाले.

एक गोंगाट मात्र घरचा नाही आणि तो आपल्याला ठाऊक असावा. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम येथे नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन हे पाणबुड्यांशी बोलणारे प्रक्षेपण केंद्र आहे आणि त्याचा १८.२ किलोहर्ट्झचा सिग्नल हवाई अंतराने १३०० किलोमीटरवर असलेल्या ठाण्यात ठणठणीत पोचतो. लहरीच्या चित्रात सगळ्या रेषेवर एक बारीक, अखंड, सम थरथर दिसली, तर ती हीच. घरात ती शोधत बसू नये. केंद्राच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या वारंवारतेवर फिल्टर लावावा.

आता जवळच्या वादळाकडे येतो. कर्जत आपल्यापासून हवाई अंतराने चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटर आहे. आठपट जास्त गेनवर, वरच्याच हिशेबाने, ८० किलोमीटरच्या आतला प्रत्येक जोरकस आघात पट्टीबाहेर जाऊन कापला जातो, म्हणजे कर्जत तर जातेच, माळशेजही काठावर येतो. मात्र कापला जाणे हे स्वतः वाईट नाही. अनेक केंद्रांत सिग्नल पोचण्याच्या वेळेच्या फरकावरून विजेची जागा काढणाऱ्या ब्लिट्झओर्टुंगसारख्या जाळ्याला मुख्यतः सिग्नल केव्हा आला ते हवे असते. १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर, आणि चढती कडा स्वच्छ असेल तर शेंडा छाटलेला असूनही वेळ बरोबर निघते. खरी पीडा दुसरी आहे. जवळच्या ढगात आतल्या आत होणारे डझनावारी छोटे स्फुरणही थ्रेशोल्ड ओलांडतात, एकाच लखलखाटात अर्ध्या सेकंदात कितीतरी नोंदी होतात, त्या एकमेकींवर चढतात, आणि केंद्राला हा मेन्सचा गोंगाट वाटून ते तोंड मिटून बसते.

यासाठी गेन उतरवावा, पण कोणत्या टप्प्याचा उतरवावा यात बहुतेकांची चूक होते. दूरच्या सिग्नलसाठी पहिल्या टप्प्याचा गेन जास्त ठेवणे चांगले, कारण पुढच्या टप्प्यांचा स्वतःचा गोंगाट मग बुडून जातो. जवळच्या वादळात मात्र पहिला टप्पाच आधी भरू शकतो. तो भरला की दुसऱ्याचा गेन कितीही उतरवा, येते ती छाटलेलीच लहर, फक्त छोटी होऊन. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. लहरीचा शेंडा पट्टीच्या कडेला, म्हणजे १६०० जवळ, सपाट झाला असेल तर कन्व्हर्टर भरला आहे. तो ९०० वर किंवा ७०० वर सपाट दिसत असेल आणि दुसऱ्या टप्प्याचा गेन निम्मा करताच तो सपाटपणा ४५० वर किंवा ३५० वर उतरत असेल, तर मागे पहिला टप्पा भरलेला आहे. आपण गेन आठपट उतरवला तो कोणत्या टप्प्याचा, हे आपण लिहिलेले नाही. दुसऱ्याचा असेल तर थोडा पहिल्यावर न्यावा.

वादळाच्या वेळी गेन हाताने फिरवत बसणे मला मान्य नाही, कारण चांगले वादळ नेमके आपण स्वयंपाकघरात किंवा लोकलमध्ये असताना येते. केंद्राला स्वयंचलित रीत असेल तर ती वापरावी. नसेल आणि आपल्याला थोडे प्रोग्रॅमिंग येत असेल, तर नियम असा ठेवावा: एका मिनिटातल्या नोंदींपैकी चौथा हिस्सा छाटलेला निघाला तर गेन लगेच निम्मा, थ्रेशोल्डही निम्मा. आणि वीस मिनिटे एकही छाटलेली नोंद आली नाही, तरच एक पायरी वर. उतरण्याची घाई आणि चढण्याचा आळस हवा, नाहीतर दोन लखलखाटांच्या मधल्या शांततेत केंद्र वर चढते आणि पुढच्या लखलखाटात पुन्हा आपटते. जवळच्या वादळात थ्रेशोल्ड पाचपटीवरून दहा-पंधरापटीवर नेला तरी मला हरकत नाही. ढगातले बारीक स्फुरण गळते आणि जमिनीवर येणारे मोठे आघात राहतात. त्या वेळात विदर्भ आपल्याकडून सुटेल. तो सुटू द्यावा, कारण विदर्भाभोवतीची इतर केंद्रे ते पाहत असतात.

रात्रीचे दूरचे सिग्नल वेगळे दिसतात, त्यांना दोष समजू नये. या लहरी जमीन आणि आयनांबर यांच्यामधून बोगद्यातून जाव्यात तशा जातात. दिवसा आयनांबराची खालची बाजू सुमारे ७० किलोमीटरवर असते, रात्री ती ९० च्या जवळ चढते आणि तिथली घटही कमी होते. ३०० किलोमीटरवरच्या आघाताची जमिनीलगत येणारी लहर आणि वर आपटून येणारी पहिली लहर यांत दिवसा साधारण १०० मायक्रोसेकंदांचे अंतर पडते, रात्री ते १६० च्या आसपास जाते. त्यामुळे रात्री एकाच आघाताच्या मागे दोन-तीन उड्या स्पष्ट दिसतात, आणि वैशाखात बंगालच्या कालबैसाखी वादळांचे, म्हणजे सोळाशे किलोमीटरवरचे, सिग्नलही मध्यरात्रीनंतर येऊन जातात. ते पाहायला मौज असते, पण त्यांच्यासाठी जुळवणी करू नये. इतक्या लांबच्या उड्यांमध्ये पहिली कडा कोणती हे ठरवणे कठीण असते आणि जाळ्याला त्याचा उपयोग थोडा होतो.

छोट्या सेन्सरबद्दल थोडक्यात सांगतो. आपण पाठवलेल्या छायाचित्रावरून त्यावर एएस३९३५ ही चिप आहे. ती वेगळ्याच पट्ट्यात, ५०० किलोहर्ट्झवर ऐकते आणि ४० किलोमीटरपर्यंतचेच सांगते. ती दाखवते ते अंतर एखाद्या विजेचे नसून अलीकडच्या काही विजांवरून काढलेला वादळाच्या जवळच्या कडेचा अंदाज असतो. म्हणून फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा एकच जोरकस झटका तिला वादळ वाटला, तर ती बेधडक १ किलोमीटर म्हणते. तिची अँटेना ५०० किलोहर्ट्झच्या साडेतीन टक्क्यांच्या आत जुळलेली आहे का, ते आधी पाहावे. आतला कपॅसिटर ८ पिकोफॅरडच्या पायऱ्यांनी शून्यापासून १२० पर्यंत बदलता येतो. मग 'घरात' ही गेनची निवड सोडून 'बाहेर' ही घ्यावी, वॉचडॉग (सिग्नल तपासायला घेण्याची किमान पातळी) आणि स्पाइक, म्हणजे क्षणिक झटके, नाकारण्याचा आकडा प्रत्येकी एकेक पायरी चढवावा, आणि किमान विजांची संख्या १ वरून ५ करावी. पहिली सूचना उशिरा येईल, पण फ्रिज गप्प बसेल. जवळच्या वादळासाठी हा सेन्सर आणि दूरच्यासाठी मोठे केंद्र, अशी वाटणी केली तर मोठ्या केंद्राचा गेन फार उतरवण्याची गरजही आपोआप कमी होते. सावधगिरीच्या इशाऱ्यासाठी मात्र पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अॅप फोनवर ठेवावेच. घरच्या यंत्रावर जिवाचा भरवसा टाकू नये.

जुळवणीच्या वेळापत्रकात आपल्या भागाचा पाऊस लक्षात घ्यावा. एप्रिल-मे आणि जूनचा आरंभ हा सह्याद्रीकडून दुपारी चढून संध्याकाळी आपल्याकडे सरकणाऱ्या वादळांचा काळ. तेव्हा वरचा स्वयंचलित नियम हवाच. जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस पडतो पण कोकणपट्टीत विजा थोड्या, तेव्हा केंद्र दूरच्या जुळवणीवर निश्चिंत ठेवावे. परतीच्या पावसात, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, पुन्हा डोक्यावर कडकडाट होतो. ढग दिसू लागल्यावर सोसायटीच्या गच्चीवर जीपीएसची तार नीट करायला जाऊ नये. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत दहा सेकंद मोजले तर ती साडेतीन किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा गॅलरीतली अँटेनाही आहे तशी सोडावी.

आता एवढे करावे: थ्रेशोल्ड १५ वर आणावा, अँटेना राउटरपासून हलवावी आणि कर्जतवर पुढचे ढग चढतील तेव्हा दोन लहरी जपून ठेवाव्यात, एक छाटलेली आणि एक न छाटलेली, दोन्हींवर त्या वेळचे दोन्ही टप्प्यांचे गेन लिहून. त्या पाठवल्यात की पहिला टप्पा भरतो आहे की नाही ते मी पाहून सांगेन.